गेम तुमचा हिशेब कुठल्या वहीत लिहितो? नैतिक निवडींचे आरपीजी पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचा व्हिडिओ गेम, खेळायला बसलेल्या माणसाची एक ठरलेली अवस्था होते. पडद्यावर कुणीतरी मदत मागत उभं असतं, खाली चार वाक्यं थांबलेली असतात, आणि हा गडी मोबाइल काढून 'इथे काय निवडायचं' ते शोधत बसतो. चुकीचं निवडलं तर पुढची क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, बंद होईल का? चांगलं एन्डिंग हुकेल का? गेम राहतो बाजूला, परीक्षेचा पेपर सोडवल्यासारखं होतं. माझे स्वतःचे पहिले दोन-तीन गेम असेच वाया गेले.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे आणि नव्या खेळाडूंना तीच सांगतो. प्रत्येक गेम तुमच्या वागण्याची नोंद कुठल्या ना कुठल्या वहीत ठेवत असतो. ती वही कुठली, हे पहिल्या तास-दीड तासात ओळखायचं. एकदा ओळखली की तिच्यात डोकावणं सोडायचं आणि आपल्या पात्राच्या डोक्यानं खेळायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत. उदाहरणं देताना काही जुन्या गेम्समधली रहस्यं फुटतील, त्याला इलाज नाही.

पायरी १: वही ओळखा

ढोबळमानानं चार प्रकार आहेत.

पहिला, सगळ्यांचा परिचयाचा: एकच पट्टी. एका टोकाला भलेपणा, दुसऱ्या टोकाला दुष्टपणा, आणि मधे कुठेतरी तुमचा काटा. बायोवेअरच्या २००३ मधल्या 'स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मध्ये ही टोकं लाइट साइड आणि डार्क साइड अशी आहेत, आणि पट्टी नुसती शोभेची नाही. काटा लाइटकडे झुकला की त्या बाजूच्या शक्ती स्वस्तात वापरता येतात आणि डार्कच्या महाग पडतात. उलट झुकला तर उलट. 'फेबल'मध्ये (२००४) हिशेब थेट अंगावर उमटतो: वाईट वागत राहिलात तर डोक्यावर शिंगं उगवतात, चांगलं वागलात तर तेजोवलय येतं. 'फॉलआउट ३'मध्ये (२००८) याच हिशेबाला कर्मा म्हणतात. शब्द आपलाच, परदेशवारी करून परत येताना काना लावून आला एवढंच.

या पट्टीत गोम अशी की तिच्यासाठी सगळी पापं आणि सगळी पुण्यं एकाच चलनात असतात. 'फॉलआउट ३'मधल्या मेगाटन या वस्तीच्या मधोमध एक न फुटलेला अणुबॉम्ब पडलेला आहे. तो निकामी केलात तर २०० कर्मा मिळतो. तो उडवून वस्ती बेचिराख केलीत तर १००० जातो. इथवर ठीक. पण याच गेममध्ये वस्त्यांच्या दाराबाहेर तहानलेली माणसं पाणी मागत बसलेली असतात, आणि त्यांना शुद्ध पाण्याची बाटली दिली की दर वेळी कर्मा वाढतो. म्हणजे अख्खं गाव जाळून आलेला माणूस चिकाटीनं पाणी वाटत बसला तर कागदोपत्री पुन्हा संत होऊ शकतो.

दुसरा प्रकार गावोगावच्या वह्यांचा. तुम्ही चांगले की वाईट हे कुणी एक जण ठरवत नाही. प्रत्येक गट, प्रत्येक गाव आपापलं मत ठेवतं. 'फॉलआउट: न्यू व्हेगस'मध्ये (२०१०) कर्मा नावाला आहे, पण खरा जोर फॅक्शनमधल्या तुमच्या नावावर. सुरुवातीलाच गुडस्प्रिंग्ज गावाच्या बाजूनं लढायचं की पावडर गँगर्स या तुरुंगातून सुटलेल्या टोळीच्या, असा प्रश्न येतो. एकाकडे नाव झालं की दुसऱ्याकडे बदनामी. नव्या खेळाडूला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे एकाच गटाकडे तुमचं नाव आणि तुमची बदनामी वेगवेगळी मोजली जाते. दहा माणसं वाचवली म्हणून मारलेली दोन पुसली जात नाहीत; दोन्ही आकडे शेजारी शेजारी उभे राहतात आणि लोक तुमच्याकडे 'हा नक्की कसला माणूस' अशा नजरेनं पाहू लागतात. मला हा हिशेब पट्टीपेक्षा कितीतरी खरा वाटतो.

तिसरी वही साथीदारांच्या मनात असते. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) आणि 'बॉल्डर्स गेट ३' (२०२३) ही ठळक उदाहरणं. तिथे जग तुम्हाला गुण देत नाही; तुमच्या शेजारी चालणारी माणसं देतात, आणि त्यांचं आपसात पटत नाही.

चौथी वही दिसतच नाही. गेम मुकाट्यानं नोंद करतो आणि कैक तासांनी ती वाचून दाखवतो. सीडी प्रोजेक्ट रेडच्या 'विचर' मालिकेनं २००७ च्या पहिल्याच भागात ही रीत धरली. सुरुवातीच्या प्रकरणात तळ्याकाठी ठेवलेला माल बंडखोर एल्फांना नेऊ द्यायचा की नाही, असा साधा प्रश्न येतो. नेऊ दिलात, तर पुढे शहरात पोचल्यावर ज्याच्याकडून माहिती हवी असते तो माणूस त्याच मालातल्या बाणांनी मेलेला सापडतो. तोवर इतके तास गेलेले असतात की मागे जायची सोय उरत नाही. ते मुद्दाम तसंच रचलेलं आहे.

एक गेम एकच वही ठेवतो असं नाही. बहुतेकांत दोन-तीन असतात, पण त्यातली एक जड असते. ती कुठली, तेवढं शोधायचं.

पायरी २: तासभर कच्चा खेळ खेळा

एक पात्र असं बनवा की ज्याच्यात जीव अडकणार नाही. नाव काहीही द्या, चेहरा आहे तो ठेवा. सेव्हला 'कच्चा' असं नाव द्या म्हणजे नंतर घोटाळा होणार नाही. आता पहिल्या गावात मुद्दाम वेडंवाकडं वागा. कुणी पाहत असताना एखादी वस्तू उचला, मग कुणी पाहत नसताना उचला. कुणाला तरी धडधडीत खोटं सांगा. साथीदार मिळाला असेल तर त्याच्यासमोर एखाद्या गरजू माणसाला हाकलून द्या.

आणि प्रत्येक कृतीनंतर पडद्याच्या कोपऱ्यांत पाहा. कर्मा गेल्याची ओळ आली? म्हणजे पट्टी. अमुक साथीदाराला हे आवडलं नाही, अशी ओळ आली? तिसरी वही. लोक अचानक दारं लावू लागले, दुकानदारानं भाव वाढवला? गावाची वही. मग पात्राची माहिती असलेली पानं उघडा आणि कुठला आकडा हलला ते बघा. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'मध्ये (२०१५) तिथे चांगला-वाईट असं काही लिहिलेलंच सापडणार नाही. दयाळू, क्रूर, प्रामाणिक, लबाड, आक्रमक अशा स्वभावांची नोंद दिसेल, आणि एकाच माणसाच्या नावावर दयाळू आणि लबाड दोन्ही असू शकतात.

काहीच हललं नाही, तर मात्र सावध. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण चाळीस वर्षं जुनं आहे. रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार' १९८५ साली आला. त्यात मारायला शेवटचा राक्षसच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आध्यात्मिकता आणि नम्रता या आठ गुणांत पार उतरून अवतार व्हायचं, हेच ध्येय. जादूची सामग्री विकणारी माणसं आंधळी आहेत. किती घेतलं ते सांगितल्यावर ती किंमत सांगतात आणि नाणी तुम्हीच मोजून द्यायची असतात. त्यांनी सांगितलेल्या किमतीपेक्षा कमी आकडा टाइप केलात तरी चालतं. विक्रेता घेतो, तुमच्या हातात माल येतो, पडद्यावर काहीही दिसत नाही. आवाज नाही, लाल अक्षरं नाहीत. नवखा माणूस खूश होऊन दर फेरीला एकेक नाणं टाकून वेळ मारून नेतो. पुढे किल्ल्यात हॉकविंड नावाचा द्रष्टा भेटतो, त्याला प्रामाणिकपणाबद्दल विचारलं की तो सगळं सांगतो. तोवर त्या गुणाचं मंदिर तुमच्यासाठी लांब गेलेलं असतं.

तात्पर्य, काही दिसलं नाही म्हणजे नोंद झाली नाही असं समजू नका. कच्चा सेव्ह झाला की पुसून टाका.

पायरी ३: पात्राच्या तीन ओळी कागदावर लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढे प्रत्येक निवडीपाशी अडकतात. आपलं पात्र कोण आहे ते ठरलेलं नसलं, की प्रत्येक वेळी प्रश्न 'मी काय करू' असा न राहता 'गेमला काय हवंय' असा होतो.

तीनच ओळी. एक: हा माणूस काय कधीच करणार नाही. दोन: कशापुढे घसरतो. तीन: कुणावर विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही. माझ्या एका पात्राच्या ओळी अशा होत्या: 'सैन्यातून पळून आलेली. लहान मुलांवर हात उचलणार नाही, उचलू देणार नाही. पैसा दिसला की डळमळते. गणवेश घातलेल्या माणसाशी खरं बोलत नाही, सवयच नाही.'

एवढ्या सामग्रीवर शंभर तास निघतात. पळून गेलेल्या सैनिकाला पकडून द्या, बक्षीस मिळेल, असं कुणी म्हणालं की इथे खरी गंमत. पैसा एका बाजूला ओढतो, स्वतःचा भूतकाळ दुसऱ्या. पट्टी असती तर उत्तर सोपं होतं. या बाईसाठी ते सोपं नाही. मी त्या दिवशी चक्क पैसे घेतले, सैनिकाला वेगळ्या वाटेनं सोडलं, आणि अधिकाऱ्याला थाप मारली. भूतकाळ, पैसा आणि गणवेश, तिन्ही एका दमात वापरले गेले.

दुसरी ओळ, घसरण्याची, नक्की लिहा. नुसत्या सद्गुणांचं पात्र दहा तासांत कंटाळा आणतं.

काही गेममध्ये एखादी ओळ गेमच लिहून देतो. 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये पॅलाडिन, म्हणजे शपथबद्ध योद्धा, घेतलात तर तुमच्या गळ्यात एक शपथ असते. ती मोडणारं वागलात तर शक्ती जातात आणि चिलखत घातलेला एक शपथभ्रष्ट सरदार छावणीत येऊन उभा राहतो. त्याच्याशी बोलणं हा गेममधला माझा आवडता प्रसंग आहे, तेव्हा शपथ मोडली म्हणून लगेच गळपटू नका.

पात्र बनवताना कायदा-अराजक आणि भला-बुरा अशी नऊ घरांची चौकट विचारली गेली तर घाबरायचं कारण नाही. ती 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळायच्या खेळातून आलेली आहे. १९७४ मध्ये तिथे फक्त कायदा, तटस्थ आणि अराजक अशी तीन घरं होती; चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष नंतर जोडला गेला. तीन ओळी आधी लिहा, मग त्यांना जवळचं घर निवडा. उलट केलंत तर घराच्या नावासाठी पात्र वाकवत बसाल.

पायरी ४: वाक्य नीट वाचा, मग बटण दाबा

निवडीतले निम्मे घोळ नैतिक नसतात, वाचनाचे असतात.

'मास इफेक्ट'मध्ये (२००७) संवाद एका चक्रावर मांडलेले असतात. उजवीकडची वाक्यं बोलणं पुढे नेतात. त्यात वरचं साधारणपणे पॅरागॉन, म्हणजे समजुतीचं, आणि खालचं रेनेगेड, म्हणजे आडदांड. डावीकडे जास्तीचे प्रश्न असतात, किंवा निळ्या-लाल अक्षरांतले समजावण्याचे आणि धमकावण्याचे पर्याय. म्हणून नियम सोपा: आधी डावीकडचे प्रश्न संपवा, मग उजवीकडे या. शिवाय चक्रावर दिसतो तो सारांश. तुम्ही निवडता दोन शब्द आणि तुमचं पात्र बोलतं तीन वाक्यं, कधीकधी तुम्ही कल्पनाही केली नसेल इतक्या चढ्या आवाजात.

वाक्याआधी कंसात कौशल्याचं नाव दिसलं तर तो पर्याय नैतिकदृष्ट्या वरचढ असतोच असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या पात्राला ते बोलणं जमतंय किंवा जमू शकतं. नवखे लोक कंस दिसला की डोळे झाकून तोच दाबतात. माझा सल्ला, तो पर्याय नसता तर काय निवडलं असतं हे आधी मनाशी ठरवा.

'प्लेनस्केप: टॉर्मेंट'मध्ये (१९९९) एक भन्नाट युक्ती आहे. काही ठिकाणी तेच वाक्य यादीत दोनदा येतं, एकापुढे 'खरं' आणि दुसऱ्यापुढे 'खोटं' असं लिहिलेलं. समोरच्याला ऐकू येणारे शब्द अगदी सारखे. गेम नोंद घेतो ती तुमच्या हेतूची.

वेळेची मर्यादा असलेले पर्याय 'विचर'मध्ये अधूनमधून येतात. ओळ सरकत असते, तेवढ्यात ठरवायचं. इथे पायरी तीनचा कागद कामाला येतो. आणि सबटायटल्स सुरू ठेवा, हे सांगायला नको.

पायरी ५: पट्टीच्या नादी लागू नका

यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझे हात इथेच पोळले आहेत.

'मास इफेक्ट २' (२०१०) मी मनापासून खेळलो. लहान माणसांशी नरम, गुंडांशी कडक. कुणालाही विचारा, हे शहाण्या माणसाचं वागणं आहे. मग जहाजावर मिरँडा आणि जॅक या दोन साथीदारणींचं कडाक्याचं भांडण झालं. दोघींना शांत करणारे निळे आणि लाल असे दोन पर्याय समोर होते, आणि दोन्ही करडे, दाबता न येणारे. एकीची बाजू घ्यावी लागली, दुसरीची निष्ठा गेली. आणि त्या गेममध्ये निष्ठा गेलेला साथीदार शेवटच्या मोहिमेत जिवाला मुकू शकतो.

कारण नंतर कळलं. असे पर्याय उघडायला एकूण किती गुण जमवले एवढंच पाहिलं जात नाही. तोवर त्या बाजूचे जितके गुण मिळू शकत होते त्यातला किती वाटा तुम्ही घेतला, हे पाहिलं जातं. म्हणजे थोडं इकडे, थोडं तिकडे वागणारा माणूस दोन्हीकडे कच्चा ठरतो. गेम सांगतो की मोकळेपणानं निवडा, आणि आतून बजावतो की एक रंग धरून ठेवा. 'मास इफेक्ट ३'मध्ये (२०१२) दोन्ही बाजूंचे गुण मिळून एकच पत वाढते, त्यामुळे ही अडचण बरीचशी गेली.

तेव्हा पट्टीचा गेम खेळताना आधीच ठरवा. ताकदीचे पर्याय हवे असतील तर एक रंग धरा आणि ते मान्य करून खेळा. माणसासारखं वागायचं असेल तर काही दारं बंद राहतील, ती राहू द्या. दोन्हींच्या मधे लोंबकळणं तेवढं टाळा.

दुसरं म्हणजे पट्टीचं बक्षीस खरंच किती मोठं आहे, ते एकदा गणित करून पाहावं. 'बायोशॉक' (२००७) हा पुरता आरपीजी नाही, पण त्याचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. लिटल सिस्टर म्हटल्या जाणाऱ्या मुलीला मारून शक्तिद्रव्य काढून घेतलं तर १६० ॲडॅम मिळतं. वाचवलं तर ८०. निम्मंच! मोठा त्याग वाटतो. पण दर तीन मुली वाचवल्या की २०० ॲडॅमची भेट येते. तीन मारल्या तर ४८०, तीन वाचवल्या तर ४४०. चाळीसचा फरक, आणि भेटीत इतर वस्तू मिळतात त्या निराळ्या. त्यागाचा देखावा आहे, त्याग नाही. असं गणित एकदा दिसलं की गेम कुठे खरोखर किंमत मागतोय आणि कुठे नुसता आव आणतोय, हे ओळखता येऊ लागतं.

तिसरं, पट्टी चुकीचा निवाडा देते. 'फॉलआउट ३'मध्येच टेनपेनी टॉवर नावाचा श्रीमंतांचा मनोरा आहे. बाहेर रॉय फिलिप्स आणि त्याचे घूल साथीदार, म्हणजे किरणोत्सर्गानं विद्रूप झालेली माणसं, आत राहायला जागा मागत असतात. खूप बोलणी करून तुम्ही रहिवाशांना राजी करता. रक्त न सांडता प्रश्न सुटला, असं वाटतं. काही दिवसांनी परत गेलात तर आधीचे रहिवासी मेलेले असतात. आणि संतापून रॉयला गोळी घातलीत तर कर्मा तुमचाच कमी होतो. या प्रसंगावर खेळाडू अजून भांडतात. मला विचाराल तर लेखकांनी गोष्ट अस्सल लिहिली आणि पट्टीनं ती बिघडवली.

पायरी ६: सेव्हची शिस्त

मोठ्या निर्णयाआधी वेगळा सेव्ह करा, जरूर करा. पण तो उघडायचा गेम संपल्यावर. मधे उघडायला दोनच सबबी मान्य: बोट चुकून भलत्या पर्यायावर पडलं, किंवा सारांश एक होता आणि पात्र भलतंच बोललं. 'परिणाम आवडला नाही' ही सबब नाही.

एका गेमनं मला हे फारच खाजगीत शिकवलं. टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' (२०१५). सुरुवातीला टोरिएल नावाची मायाळू बाई तुम्हाला हात धरून फिरवते, आणि तुम्ही बाहेर जाऊ नये म्हणून शेवटी वाट अडवते. मला तिला मारायचं नव्हतं. इतर गेमच्या सवयीनं वाटलं, आधी थोडं दमवावं, मग सोडून द्यावं. तीन-चार घाव नीट बसले, आणि पुढच्या एकाच घावात तिची उरलेली सगळी ताकद गेली. मी लगेच गेम बंद केला, परत लोड केला, या वेळी न मारता निघालो. हायसं वाटलं. बाहेरच्या अंधारात फ्लाउई हे फूल वाट पाहत होतं. तू तिला मारलंस, मग वाईट वाटलं म्हणून परत आलास, हे मला ठाऊक आहे, असं त्यानं तोंडावर सांगितलं.

सेव्ह पुसला होता, नोंद पुसली नव्हती. गेम बंद करून मी काही वेळ नुसता बसून होतो.

'बॉल्डर्स गेट ३'च्या ऑनर मोडमध्ये एकच सेव्ह मिळतो. ऐकायला रोमांचक आहे, पण पहिल्या वेळेला त्याच्या वाटेला जाऊ नका; लढाई हरलात की तो मोड तिथेच संपतो.

पायरी ७: सोबत कोण आहे ते पाहून निर्णय घ्या

साथीदारांच्या वहीत दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, बहुतेक वेळा जो हजर असतो तोच मत बनवतो. ज्याला पटणार नाही अशी खात्री आहे त्याला छावणीत ठेवून जाता येतं. लबाडी आहे, पण माणसंही असंच करतात.

दोन, मर्यादेपलीकडे गेलं की वही मिटते आणि माणूस उठतो. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये पवित्र अस्थी भ्रष्ट केल्यात आणि विन सोबत असली, तर ती तिथल्या तिथे तुमच्यावर उलटते. 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये आश्रितांच्या वस्तीवर हल्ला करणाऱ्यांची बाजू घेतलीत तर विल आणि कार्लाक निघून जातात, आणि त्यांच्या सगळ्या कथाही त्यांच्याबरोबर जातात.

'ओरिजिन्स'मध्ये भेटवस्तू देऊन मर्जी वाढवता येते, हे वापरू नका असं मी म्हणणार नाही. पण तत्त्वावरून रुसलेल्या माणसाला चार वस्तू देऊन हसवलं की गोष्टीतली हवा जाते. मी दोन भेटींवर थांबतो.

पायरी ८: दुसऱ्या वेळेला वाईट व्हा

'मास इफेक्ट'वर काम केलेल्या एका डिझायनरनं २०२० मध्ये सांगितलं होतं की जवळपास ९२ टक्के खेळाडू पॅरागॉनच झाले, आणि रेनेगेडच्या बाजूवर तर टीमनं खूप मेहनत घेतली होती. म्हणजे गेमचा मोठा भाग बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. पहिला खेळ संपल्यावर महिनाभर थांबा आणि मग उलट्या बाजूनं या.

फक्त वाटेत दिसेल त्याला लाथ घालणं म्हणजे वाईट पात्र नव्हे. ते चार तासांत बोअर होतं. पुन्हा तीन ओळी लिहा, पण पहिली ओळ 'काय कधीच करणार नाही' ऐवजी 'कशासाठी काहीही करेल' अशी. सत्तेसाठी, भावासाठी, नुसतं जिवंत राहण्यासाठी. कारण पक्कं असलं की क्रूर पर्यायसुद्धा पात्राच्या तोंडी शोभतात आणि तुम्ही मात्र अस्वस्थ होता. ऑब्सिडियनच्या 'टिरनी'मध्ये (२०१६) दुष्ट सत्ता आधीच जिंकलेली आहे आणि तुम्ही तिचे न्यायाधिकारी आहात. तिथे चांगलं व्हायला गेलात तरी हात मळतातच.

सुरुवात कशापासून?

पट्टी समजून घ्यायची असेल तर 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'. जुना आहे, चेहरे ठोकळ्यासारखे आहेत, पण हिशेब स्वच्छ दिसतो. गटांच्या वह्यांसाठी 'न्यू व्हेगस'. साथीदारांसाठी 'बॉल्डर्स गेट ३', वेळ भरपूर असेल तरच. न दिसणाऱ्या वहीसाठी 'विचर ३' (२०१५); पहिला भाग आज खेळायला अवघड जातो. तिसऱ्यात टेकडीखाली झाडात कोंडलेला एक आत्मा भेटेल आणि सोड म्हणून विनवेल. सोडलात तर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात आणि जवळचं एक गाव उद्ध्वस्त होतं. मारलात तर गाव राहतं, मुलं जातात. त्या रात्री मोबाइलवर उत्तर शोधू नका.

आणि हातात सहा-सात तासच असतील तर 'अंडरटेल'. टोरिएलशी गाठ पडली की 'फाइट'ला बोट लावू नका. 'मर्सी' दाबा. काही होत नाहीसं वाटेल. पुन्हा दाबा. ती आगीचे गोळे फेकत राहील, ते चुकवा आणि पुन्हा दाबा. वीसेक वेळा तरी लागेल.